भिमाबाईच्या लुगड्याचा पूल

शिवराम भालेराव हा माणूस चुकून रंगमंचावर आला असता, तर पहिल्या रांगेत बसलेल्यांनाही दिसला नसता. बुटका, सावळा, आणि बोलणं एवढं हळू की ऐकणाऱ्याने मान पुढे काढावी. पण बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात दर चौदा एप्रिलला जयंतीचा जो मांडव उभा राहायचा, तो त्याच्या हातचा. गाणारे यायचे, बोलणारे यायचे, टाळ्या घेऊन जायचे. मांडवाचं कापड कुठे ताणायचं आणि कुठे सैल सोडायचं हे ज्याला कळत होतं, तो मागे बांबूला टेकून उभा असायचा. त्याला कोणी बोलावलंही नाही आणि तो पुढे आलाही नाही.

पोटासाठी तो ट्रेसर होता. आजच्या मुलांना हे काम सांगून पटत नाही. अंबरनाथच्या एका ऑफिसात शरदचंद्र गुप्ते नावाचे इंजिनिअर पेन्सिलीने नकाशे काढत, आणि शिवराम त्यावर झिरझिरीत कागद पसरून प्रत्येक रेघ शाईने पुन्हा काढत असे. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, नखाने घासायची, पुन्हा काढायची. मग अमोनियाच्या वासाच्या खोलीत त्याच्या निळ्या प्रती निघत. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. पहिली कल्पना कोणाची, दुसरी तपासलं कोणी, तिसरी ट्रेस केलं कोणी. वीस वर्षं शिवराम तिसऱ्या चौकटीत राहत होता. तक्रार नव्हती. अक्षर सुंदर होतं आणि पगार वेळेवर होता.

एकदाच त्याला झोप लागली नव्हती. एकाहत्तर साली अंबरनाथच्याच एका जुन्या कारखान्याचं छत दुरुस्तीला निघालं. नकाशे पाच होते, पाच ट्रेसरांत वाटले गेले. तिसरा शिवरामच्या वाट्याला आला. त्यावर पालथ्या ओंजळीसारखं वाकलेलं एक छत होतं. मध्ये एकही खांब नाही, साठ फुटांची झेप, आणि जाडी लिहिली होती तीन इंच. शिवरामने तीनदा पाहिलं आणि घाबरत साहेबांच्या टेबलाशी गेला.

"साहेब, इथे एखादं शून्य राहिलंय बहुतेक."

गुप्ते साहेब चष्म्यावरून हसले. "शिवराम, मडकं किती जाड असतं रे?"

"असेल बोटाच्या निम्मं."

"आणि बायका ते भरून डोक्यावर घेतात ना? फुटतं का? सरळ फळी तेवढी पातळ करून पाहा बरं. ताकद जाडीत असते असं लोकांना वाटतं. निम्मी ताकद वाकण्यात असते बाबा."

शिवरामने ते वाक्य घरी कोणाला सांगितलं नाही. सांगण्याची सवयच नव्हती. पण ते पंधरा वर्षं त्याच्या आत बसून राहिलं.

*

शहाऐंशीच्या दसऱ्याला आवडी आली. आवडी म्हणजे बारवीच्या बाजूच्या डोंगरातल्या उंबरमाळ वाडीवरची ठाकरीण. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, एरवी पळसाची पानं आणि रानभाजी घेऊन ती हेंद्रेपाड्यात दारोदार हिंडायची. शिवरामच्या आईच्या, भिमाबाईच्या, उंबऱ्याशी तिची हक्काची बैठक. आषाढात वाडीखालचा ओढा फुगला की मात्र ती दिसेनाशी व्हायची, ती थेट दसऱ्याला उगवायची.

"काय गं, चार महिने मेलीस का काय?" भिमाबाईने नेहमीचं स्वागत केलं.

"मेले नाय आजी. पन चंद्री मरत व्हती."

चंद्री तिची लेक. श्रावणात तिला कळा सुरू झाल्या. डोलीत घालून ओढ्यापर्यंत आणली, तर ओढा दोन्ही तीर धरून वाहत होता. एक दिवस, एक रात्र माणसं खडकावर बसून राहिली.

"मंग पोर तिथंच झाला. खडकावर, इरल्याखाली."

"जगलं?"

"जगला. पदू नाव ठेवलाय. चंद्रीचं अंग अजून भरून आलं नाय."

शिवराम आत शाईच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होता. तो दारात आला. "तुमच्याकडे पूल मंजूर झालाय ना?"

"झालाय दादा. सिमिट बी आलंय, सळ्या बी आल्यात. पायथ्याच्या गोदामात पडल्यात. पूलच नाय येत." आवडीने पानांची गड्डी सोडली. "ट्रक म्हणतो मी डोंगर चढत नाय. सायेब म्हणतो एवढे मोठे तुळवे डोक्यावरून कसे न्यायचे. दोन पावसाळे खाल्लेन सिमिटानं. आता याच्या म्होरं दगडच व्हनार त्याचा."

 शिवरामचे कान तापले. तो पूल त्याला तोंडपाठ होता. दोन तुळया, चार फूट उंच, बोटभर जाडीच्या लांबच लांब सळ्या. त्यांच्याच ऑफिसात निघालेला तो नकाशा त्यानेच ट्रेस केला होता, एकही रेघ न खरवडता. ट्रक जिथे थांबतो तिथून वाडी दोन मैल चढावर आहे, हे ना काढणाऱ्याला माहीत होतं ना गिरवणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. पंधरा वर्षांनी.

"साहेब, तो उंबरमाळचा पूल... मडक्यासारखा केला तर?"

गुप्ते साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. शिवराम आयुष्यात पहिल्यांदा सलग पाच मिनिटं बोलला. मांडवाचं कापड चारी टोकांना बांधून सोडलं की ते आपल्याच वजनाने जो झोल घेतं, तो झोल कोणी शिकवलेला नसतो. त्यात कुठे सुरकुती नाही, कुठे जास्तीचा ताण नाही. तोच झोल सिमेंटात घट्ट केला आणि उलटा ठेवला, तर जे लोंबत होतं ते तोलून धरेल. तीन इंचांत काम झालं तर सगळं सामान डोक्यावरून वर जाईल. वाडीतली माणसंच नेतील.

साहेबांनी कागदावर एक झोल काढला आणि कागद उलटा धरून पाहिला. मग म्हणाले, "आकडे मी करीन. पण आधी मला डोळ्यांनी पाहू दे. चार फुटांचा नमुना कर. त्यावर दहा विटा राहिल्या तर मी पुढे सरकवतो. फेब्रुवारी संपायच्या आत. त्यानंतर ते सिमेंट दुसऱ्या कामाला जाणार आहे, तसं पत्र आलंय."

*

मग ऑफिसातली कामाची गर्दी सरल्यावर, जानेवारीत, हेंद्रेपाड्याच्या चाळीच्या ओट्यावर एक नाटकच सुरू झालं. खोक्याच्या लाकडाची चौकट, चार खिळे, आणि मध्ये भिमाबाईच्या जुन्या नऊवारी लुगड्याचा तुकडा, सिमेंटच्या पातळ राबडीत बुडवून टांगलेला. येणारा-जाणारा थांबायचा.

"काय शिवरामभाऊ, आईचं लुगडं वाळत घातलंय की आईला?"

"सिमेंट लावल्यावर इस्त्रीची गरज नाय, ना भाऊ?"

शिवराम हसायचा आणि कापडावर पाणी शिंपडायचा. आठ दिवसांनी त्याने ते कडक झालेलं कापड सोडवून उलटं ठेवलं. चार पाय सरकू नयेत म्हणून बाजूला दगड लावले. एकेक वीट ठेवत गेला. आठ झाल्या. नववी हातात होती, तेव्हा त्याची बायको शालन म्हणाली, "अहो पुरे आता, दृष्ट लागेल," आणि तो थांबला.

इथेच त्याच्यातला ट्रेसर आडवा आला. नमुना ओबडधोबड होता. लुगड्याचा काठ जाड विणीचा, त्याने राबडी जास्त प्यायली होती, आणि दोन्ही कडांना दोरखंडासारखा फुगवटा आला होता. साहेबांपुढे असं गबाळं काम ठेवायचं? वीस वर्षं ज्याची रेघ केसाइतकी बारीक, त्याला ते बघवेना. त्याने नवा नमुना करायला घेतला. नवा तुकडा कापला आणि दोन्ही काठ कात्रीने सरळ उतरवून शालनला दिले. तिलाही ते हवेच होते. जुन्या लुगड्याचे काठ गोधडीला चहूबाजूंनी लागतात.

नवा नमुना काय देखणा झाला! पानासारखा पातळ, कडा धारदार. रविवारी गुप्ते साहेब रिक्षाने आले. ओट्याभोवती अर्धी चाळ जमली. भिमाबाईने खुर्ची पुसून दिली.

पहिली वीट. दुसरी. तिसरी. शिवरामच्या चेहऱ्यावर अशी चमक आली की तो बुटका माणूस क्षणभर उंच दिसला. चौथी वीट ठेवली आणि कडा थरथरल्या, वाऱ्यावर पान हलावं तशा. मग एका बाजूने सरळ आत मुडपल्या आणि सगळं मधोमध फुटलं.

कोणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

साहेबांनी चहा घेतला, पेला खाली ठेवला. "देखणा होता, शिवराम. माझ्याकडे अजून बारा दिवस आहेत." एवढंच बोलून गेले.

शिवराम ओट्यावर तुकडे गोळा करत बसला. त्याला विटा दिसत नव्हत्या, खडकावरचं चंद्रीचं इरलं दिसत होतं. भिमाबाई भिंतीला टेकून गोधडी शिवत होती. तेवढ्यात आवडी आली, तुकडे पाहून उकिडवी बसली.

"मोडला?"

"मोडला," शिवराम म्हणाला. "आधीचा आठ विटांना उभा होता. हा चारात गेला. कापड तेच, सिमेंट तेच."

"कापड तेच?" भिमाबाईने सुई थांबवली आणि गोधडीवरचा नवाकोरा दिसणारा काठ वर धरला. "मंग हे काय हाय रं?"

शिवरामने तो काठ हातात घेतला.

"लुगडं मधी इरतं, फाटतं, त्याचं फडकं व्हतं. काठ कधी फाटलेला बघितलाय का? त्योच तर धरून ठिवतो. आन तू त्योच कापून बायकोला दिला, शाना!"

"आत्याबाई, मीच मागितले होते," शालन हळूच म्हणाली.

"तू मागशील. त्यानं द्यायचे का?"

आवडीने आपली टोपली उपडी करून पुढे सरकवली. तिच्या कडेला जाड कांबट दुहेरी वेढून बांधलेलं होतं. "दादा, ही कड सोडली ना, तर टोपली भाकरीवानी पसरते."

शिवरामने टोपलीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग अगदी बारीक आवाजात त्याने आईला त्या कारखान्याच्या छताबद्दल सांगितलं. तीन इंच, साठ फूट, मध्ये खांब नाही. त्यात कुठे काठ होता?

"कुठला कारखाना?" भिमाबाईने विचारलं. त्याने सांगितलं. म्हातारी पोट धरून हसायला लागली. "अरे मुडद्या, त्या छपरावर तुझ्या आईनं घमेली वाहिलीत! तू पोटात व्हतास. मधी मिस्तरी नुसता थापटायचा, सारवल्यावानी. पर कडंला आला की वरडायचा, डबल घमेली आना, डबल! हातभर जाड पट्टी घातलीया दोन्ही बाजूंनी. माझ्या मानेला अजून याद हाय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी इचारलंस?"

सोमवारी शिवरामने ऑफिसच्या कपाटातून ते पाच जुने नकाशे काढले. चौथ्या कागदावर छताच्या कडांचा तपशील होता, जाड तुळईसारखी पट्टी, तिच्या सळ्या, सगळं. तो कागद तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या ट्रेसरला मिळाला होता. पंधरा वर्षं शिवराम ज्या छताच्या प्रेमात होता, त्याचा फक्त मधला भाग त्याने पाहिला होता.

तिसऱ्या नमुन्याला भिमाबाईने स्वतः लुगडं काढून दिलं. फाटकं नाही, नेसतं. हिरवं, लाल काठाचं. शिवरामने काठ ठेवलाच, वर तो बाहेरच्या बाजूने उभा दुमडून टाचला. बाराव्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने विटा ठेवल्या. दहा झाल्या. अकरावी ठेवली, बारावी ठेवली. मग ते वाकून, कान लावून, ऐकत राहिले.

"मी बसू का वर?" भिमाबाईने विचारलं.

"नको हो आजी," साहेब खोखो हसत म्हणाले, "पुलाचं ठीक आहे, पण तुम्हाला काही झालं तर तपासणी माझ्या नावावर आहे."

दोन आठवडे साहेब आकड्यांत बुडाले. काठ उभा दीड फूट ठेवायचा ठरला, म्हणजे वेगळा कठडा नको. मग शिवरामने अंतिम नकाशा शाईत काढला आणि सवयीने तिसऱ्या चौकटीत सही करून साहेबांपुढे ठेवला.

"चूक आहे," साहेब म्हणाले.

शिवराम कागदावर वाकला. "कुठे साहेब?"

"कोपऱ्यात. सही भलत्या चौकटीत केलीस." त्यांनी ब्लेड उचलून त्याच्या हातात दिलं. "खरवड आणि पहिल्या चौकटीत कर. दुसरी माझी. तिसरी रिकामी राहू दे."

वीस वर्षांत शिवरामचं ब्लेड पहिल्यांदाच जास्त खोल गेलं. त्या कागदाला तिथे थोडं भोक पडलं, ते कायमचं राहिलं.

*

साहेबांनी तो नकाशा मंजूर करून आणला. सत्याऐंशीच्या चौदा एप्रिलला हेंद्रेपाड्याचा मांडव नेहमीसारखाच उभा राहिला, आणि सोळा तारखेला त्याचे सगळे बांबू डोंगर चढून उंबरमाळच्या ओढ्यात गेले. मंडळाच्या पोरांनीच वाहिले. "परत आणा म्हंजे झालं," एवढीच त्यांची अट. त्या बांबूंचा घोडा, म्हणजे खालचा आधार, उभा केला; त्यावर वाडीतल्या माणसांनी विणलेल्या ताट्या अंथरल्या, वर बारीक सळ्यांची जाळी पसरली. मग एका दिवसात, माणसाला माणूस लागून, घमेली हातोहात पुढे गेली. चाळीस फुटांचा तो पूल सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ओतून झाला. भिमाबाई डोलीत बसून आली होती. मधल्या भागाला ती गप्प होती. कडेची पाळी आली तशी उठून उभी राहिली आणि आपल्या तरुणपणीच्या मिस्त्रीच्या आवाजात ओरडली, "डबल घमेली आना गं, डबल!" बाया हसून हसून वाकल्या, पण घमेली डबल आली.

पुढे अठ्ठावीस दिवस चंद्री आणि वाडीतल्या बाया डोहातलं पाणी आणून वरच्या गोणपाटांवर शिंपडत राहिल्या.

बांबू काढायच्या दिवशी वाडीचा म्हातारा कारभारी देऊ काखेत कोंबडा घेऊन आला. ओढ्याला मान द्यायचा रिवाज होता.

शिवराम चाचरला. "देऊबाबा, आम्ही बुद्धाचे लोक. माझ्या कामावर रक्त नको."

"कोंबडा आमचा, ओढा आमचा. तुजा काय जातो?"

"पूल माझा आहे," शिवराम म्हणाला. एवढ्या मोठ्याने की गुप्ते साहेबांनीही वळून पाहिलं.

 मग आवडी मध्ये पडली. "देऊबाबा, कोंबड्यालाच आधी सोडा पुलावर. पलीकडं पोचला तर ओढ्यानं त्याला जाऊ दिला असं समजू. मानच झाला ना तो?"

देऊने विचार केला. हरकत नव्हती.

शिवरामने बांबू मधल्यापासून सोडवायला सुरुवात केली, दोन्ही टोकांकडे जात, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. शेवटची पाचर निघाली. पूल केसभर खाली बसला, आणि तिथेच राहिला. वाळूची पोती चढवली, पूल किती खाली बसतो ते साहेबांनी दुपारपर्यंत दोरीने मोजलं. तिसऱ्या प्रहरी पोती उतरवली आणि देऊने कोंबडा सोडला. तो मध्यावर थांबला, मान वाकडी करून सगळ्यांकडे पाहिलं, जणू शिट्ट्यांची वाट पाहत असावा. आणि मग तुरा डोलवत तो पलीकडे निघून गेला. त्या कोंबड्याला पुढे कोणीच कापलं नाही. म्हातारपणाने गेला, असं ऐकलंय.

*

त्या वर्षी श्रावणात ओढा फुगला. तीन दिवस पाणी कमी होईना. शिवराम ऑफिसात जात होता, रेघा काढत होता, आणि काय काढतोय ते त्याला कळत नव्हतं. डोंगरातून खबर आणणारं कोणी नव्हतं. खबर आणणारी आवडीच, आणि ती तर दसऱ्याशिवाय येत नाही. इतक्या वर्षांची तशी सवय होती.

चौथ्या दिवशी रविवार होता. शालन तांदूळ निवडत होती. दारात हाळी आली, "टाकळा घ्या, कंटोळी घ्या, दोन रुपयाला वाटा!"

भिमाबाई भिंत धरून उठली. उंबऱ्यात इरलं पाठीवर टाकून आवडी उभी होती. श्रावणातली आवडी हेंद्रेपाड्याने आजवर पाहिली नव्हती.

"एवढी कंटोळी महाग? पूल झाला म्हणून भाव वाढवलास व्हय गं?" भिमाबाई म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, पण म्हणाली.

शिवराम बाहेर आला. त्याला पुष्कळ विचारायचं होतं. तोंडून आलं एवढंच, "काठाला कुठे चीर?"

"चीर नाय दादा. पानी खालून जातंय, वरून आमी." आवडीने टोपली उतरवली आणि कंबर सरळ केली. "आन तो काठ तुमी लई बेतानं ठेवलाव. पदूच्या छातीला येतो. परवा चंद्री पुलावर उभी व्हती, तर पोरगा काठ धरून उठला, आन पयल्यांदा आपल्या पायावर उभा रायला."

शिवराम खाली बसला. शालनने त्याच्या हातात चहा दिला, तो त्याने न पिता आवडीपुढे सरकवला. भिमाबाईने कंटोळी निवडायला घेतली.